‘गहराई’ कसा तोलायचा

हिंदी भयपटात वाड्याचा मालक बहुधा ठाकूर असतो, नाहीतर कुणी राजासाहेब. १९८० च्या ‘गहराई’त तो चन्नबसप्पा आहे. बंगळुरात मॅनेजरची नोकरी, बायको सरोजा, मोठा मुलगा नंदीश, शाळकरी मुलगी उमा आणि गावाकडची जमीन सांभाळणारा बसवा. मुंबईच्या प्रेक्षकाला ही नावं परमुलखातली वाटली असतील. सोलापुरात ती मतदारयादीत सापडतात. दक्षिण सोलापूर, अक्कलकोट भागात एकाच घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालतात, आणि गावाकडची जमीन विकून शहरात बंगला बांधणारा एखादा चन्नबसप्पा प्रत्येकाच्या नात्यागोत्यात निघतोच. मानसिक भयपट कसा पाहावा आणि कसा तोलावा हे सांगायला मी मुद्दाम हाच चित्रपट घेतला. ‘सायको’ आणि ‘द शायनिंग’वर भरपूर लिहून झालंय. त्यांची गरज लागेल तिथे त्यांनाही बोलावू.

गोष्ट थोडक्यात अशी. शहरात घर बांधण्यासाठी चन्नबसप्पा गावची जमीन साबणाच्या कारखान्याला विकून टाकतो. बसवाच्या लेखी ती जमीन म्हणजे आई. त्याला हा सौदा सोसत नाही. पुढे उमा विचित्र वागू लागते. तिच्या तोंडून दुसरंच कुणी बोलायला लागतं, आणि जे बोलतं ते बापाच्या जुन्या पापाबद्दल असतं. बसवाच्या बायकोवर त्याने केलेला अत्याचार आणि तिने विहिरीत दिलेला जीव. मग डॉक्टर होतात, विजेचे झटके होतात, मांत्रिक होतात. शेवट सांगत नाही.

दिग्दर्शन अरुणा राजे आणि विकास देसाई यांचं. दोघेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले, त्या काळात पतीपत्नी, आणि ‘अरुणा-विकास’ अशा जोडनावाने काम करणारे. आधी १९७६ मध्ये त्यांनी ‘शक’ केला होता; त्यातही भूत नव्हतं, नवऱ्याबद्दल बायकोच्या मनात शिरलेला संशय होता. ‘गहराई’च्या लेखनात विजय तेंडुलकरांचा हात आहे. नंदीश अनंत नाग, सरोजा इंद्राणी मुखर्जी, उमा पद्मिनी कोल्हापुरे, एक मांत्रिक अमरीश पुरी. आणि चन्नबसप्पा डॉ. श्रीराम लागू. लागू पेशाने नाक-कान-घशाचे सर्जन, आणि परमेश्वराला रिटायर करा असं जाहीरपणे सांगणारे. पोटच्या पोरीच्या घशातून परका आवाज निघतो अशा बापाचं काम त्यांना देणाऱ्याला विनोदबुद्धी असली पाहिजे, किंवा पुरेपूर अक्कल.

आता पाहायचं कसं? पहिल्यांदा पाहताना कॅमेरा, प्रकाश, अभिनय यांची चिकित्सा करू नका. फक्त कुठे कुठे भीती वाटली ते लक्षात ठेवा आणि चित्रपट संपल्यावर लगेच कागदावर उतरवा. दुसऱ्या दिवशी लिहायला बसलात तर भीतीच्या जागी मतं लिहाल. यादी झाली की प्रत्येक नोंदीपुढे एक शब्द घाला: दचकणं, धास्ती किंवा लाज.

दचकणं सर्वांत स्वस्त. सिद्धेश्वराच्या यात्रेत, गड्ड्यावर, भुताच्या तंबूत शिरावं आणि अंधारात कुणीतरी कानाशी किंचाळावं, तसलं. दचकतो शूरही आणि भित्राही, कारण ते शरीराचं काम आहे, मनाचं नाही. सिनेमात ही युक्ती १९४२ च्या ‘कॅट पीपल’ने नावारूपाला आणली. एक बाई रात्री निर्मनुष्य रस्त्याने चाललीय, मागून कुणीतरी येतंय असा भास, पावलांचा आवाज थांबतो, शांतता ताणली जाते, आणि एकदम फुत्कार टाकत समोर येते ती बस. ब्रेकची हवा सुटल्याचा आवाज. धोका काहीच नाही, पण थिएटर जागेवरून उडतं. निर्माते व्हॅल ल्युटन यांच्या नावावरून सिनेमावाले अशा क्षणाला आजही ‘ल्युटन बस’ म्हणतात. वाईट युक्ती नाही ती. पण यादीतल्या बहुतेक नोंदी दचकण्याच्याच असतील, तर चित्रपटाने मनापर्यंत पोचायचे कष्ट घेतलेले नाहीत असं समजा. रामसे बंधूंच्या चित्रपटांची यादी करून पाहा, लगेच फरक कळेल. (ते मलाही आवडतात. पण आवडणं वेगळं, तोलणं वेगळं.)

धास्तीला वेळ लागतो. काय होणार हे आपल्याला आधी कळलेलं असतं आणि पडद्यावरच्या माणसाला नसतं, किंवा दोघांनाही कळलेलं असतं आणि कुणीच काही करू शकत नाही. तिसरी नोंद लाजेची. हिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही, पण मानसिक भयपटाचा कस इथे लागतो. आपण जे पाहतोय ते पाहायला नको होतं, किंवा आपण ज्याच्या बाजूने उभे राहिलो तो माणूस भलताच निघाला, अशा क्षणाची लाज. ‘सायको’त नॉर्मन बेट्स मेलेल्या बाईचं प्रेत गाडीच्या डिकीत घालून ती गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडत जाते आणि मध्येच थांबते. नॉर्मन काहीतरी चघळत असतो. त्याचं तोंड थांबतं, तो इकडेतिकडे बघतो. आणि प्रेक्षक मनात म्हणत असतो, बुड की बाई एकदाची! गाडी पुन्हा बुडू लागते तेव्हा आपल्यालाही हायसं वाटतं. खून लपावा अशी इच्छा आपण नुकतीच केली, हे त्यानंतर ध्यानात येतं. न्हाणीघरातल्या खुनाची कीर्ती मोठी. पाऊण मिनिटाचा प्रसंग, चित्रण सात दिवस, रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप. पण हिचकॉकची खरी करामत मला या दलदलीत दिसते.

‘गहराई’ची माझी यादी केली तेव्हा दचकण्याच्या नोंदी मोजक्या निघाल्या आणि लाजेच्या जास्त. मुलगी बापाबद्दल बोलू लागते, आई ऐकते, भाऊ ऐकतो, आणि लागूंच्या चेहऱ्यावर आधी राग येतो, मग हिशेब येतो. कोण काय काय ऐकतंय याचा हिशेब. भूत समोर उभं असताना ज्या माणसाला अब्रूची काळजी पडलीय, तो भुतापेक्षा जास्त भीतिदायक वाटतो.

दुसऱ्यांदा पाहताना वही घ्या. पोलीस पंचनाम्यात साक्षीदार लिहितात तसे लिहायचे. प्रत्येक अघटित गोष्टीसाठी तीन प्रश्न: ती कुणी पाहिली? पाहणारा एकटा होता की सोबत कुणी होतं? आणि कॅमेरा त्या वेळी कुणाच्या डोळ्यांनी बघत होता? ज्या चित्रपटात भूत फक्त एकाच माणसाला दिसतं, तिथे ते त्याच्या डोक्यात असू शकतं. पाच जणांनी एकत्र पाहिलं तर दिग्दर्शकाने कौल दिला. आणि कुणीच खोलीत नसताना कॅमेऱ्याने एकट्याने पाहिलं, तर दिग्दर्शक प्रेक्षकाला शपथेवर सांगतोय की हे खरं आहे. त्यानंतर त्याने ‘सगळं स्वप्न होतं’ म्हटलं तर ती फसवणूक. समीक्षक त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात अद्भुत साहित्याची व्याख्याच अशी केली, की घडलेल्या गोष्टीला नैसर्गिक कारण आहे की अलौकिक, याबद्दल वाचकाच्या मनात द्विधा असते तोवरच ती अद्भुत. निकाल लागला की ती दुसऱ्याच प्रांतात जाते. भारी वाटतं, पण वहीतले तीन प्रश्न विचारले की हेच हाती लागतं.

आपल्याकडच्या तीन चित्रपटांना ही वही लावून पाहू. कमाल अमरोहींचा ‘महल’ (१९४९) बराच वेळ द्विधा ताणून धरतो आणि मग सांगून टाकतो की कामिनी म्हणजे माळ्याची मुलगी, भूत वगैरे काही नाही. खुलासा कानाला पटतो, पण अशोककुमारच्या डोळ्यांतलं वेड त्या खुलाशाने उतरत नाही. मधुबाला भूत नसली तरी तो झपाटलेला आहेच. हा खुलासा म्हणूनच चालून जातो. राम गोपाल वर्मांचा ‘कौन?’ (१९९९) वही घेऊनच पाहावा असा आहे. एक घर, पाऊस, टीव्हीवर मोकाट सुटलेल्या खुन्याची बातमी, घरात एकटी ऊर्मिला मातोंडकर, दारात मनोज वाजपेयी, आपलं आडनाव पूर्णवले आहे हे पुन्हा पुन्हा समजावणारा. नंतर सुशांत सिंग. तीन माणसं, गाणं नाही. पडद्यावर जे घडतं त्याला साक्षीदार तिघेच, आणि तिघांपैकी एकाचाही जबाब धड नाही. दुसऱ्या वेळी पाहताना पहिल्या अर्ध्या तासातलं प्रत्येक वाक्य वेगळं ऐकू येतं. अनुराग कश्यपचं हे लेखन घड्याळासारखं आहे.

‘गहराई’त वहीचा उपयोग निराळा होतो. उमाला झालंय काय, हा प्रश्न पूर्वार्धात चांगला तोललेला आहे. बापाचं जे गुपित तिला कळायलाच नको होतं, ते कळलं कसं? भूत मानलं तर प्रश्न मिटला. न मानलं तरी मार्ग आहे. घरात वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली गोष्ट मुलांच्या कानावर कुठून तरी पडतेच: गड्यामाणसांच्या कुजबुजीतून, कुणी आत आल्यावर मोठी माणसं एकदम गप्प होतात त्यातून. आणि जमीन विकली तेव्हा बसवाच्या तोंडावरचं दुःख त्या पोरीने पाहिलंच असणार. उत्तरार्धात मात्र पारडं भुताकडे झुकतं. एक मांत्रिक, मग दुसरा, मग विधी. चित्रपट आपला प्रश्न सोडून त्यांच्या कार्यक्रमात रमतो. इथे मी त्याचे गुण कापतो.

पण का कापतो, याचा विचार करायला आमच्या शेजारच्या अक्कांनी भाग पाडलं. अक्कांचं माहेर अक्कलकोटकडचं. मी चित्रपट लावून वही घेऊन बसलेला, त्या मटार सोलत ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, “भूत असू दे नाहीतर नसू दे. पोरगी बोलतीय ते खरं का खोटं, तेवढं सांग की.”

“खरं आहे, अक्का.”

“मग डॉक्टर पोरीला कशाला? बापाला दाखवा म्हणावं.”

मटार सोलून झाले आणि त्या गेल्या. तोदोरोवच्या प्रश्नापुढचा प्रश्न त्यांनी विचारला होता. भूत की मन, या वादात प्रेक्षकाला गुंतवून चित्रपट त्याआड काय सांगतोय? चांगल्या मानसिक भयपटात हा वाद पडद्यासारखा असतो. पडदा हलत राहतो आणि त्यामागे घरातलं खरं प्रकरण उभं असतं. ‘गहराई’तलं प्रकरण मालक, गडी आणि गड्याची बायको यांच्यातलं आहे, जमिनीचं आहे. जिवंतपणी त्या बाईचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नसतं. मेल्यावर ते मालकाच्याच मुलीच्या तोंडून आलं म्हणून घराला ऐकावं लागलं. आता चौथा प्रश्न वहीत कायमचा लिहून ठेवा: भुताने सांगितलेलं खरं असेल, तर उपचार कुणावर चाललेत?

सोलापूरकर प्रेक्षकाला इथे एक सोय आहे आणि एक अडचण. गाणगापूर आपल्यापासून दूर नाही. वाडीकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की वाटेत गाणगापूर रोड स्टेशन येतं, पुढे दत्ताच्या देवळापर्यंत जीप. तिथल्या आरतीच्या वेळी बाधा झालेली माणसं, त्यात बायका जास्त, घुमतात, ओरडतात, केस मोकळे सोडून खांबांना चढतात. हे ज्याने पाहिलंय त्याला पद्मिनी कोल्हापुरेचा अभिनय परका वाटत नाही, आणि अतिरंजितही वाटत नाही. ही झाली सोय. अडचण अशी, की सवयीमुळे आपण घुमणाऱ्या बाईचे शब्द ऐकणं सोडून दिलेलं असतं. ‘तिच्या अंगात आलंय’ म्हटलं की संपलं. मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी १९८२ साली आलेल्या ‘शामन्स, मिस्टिक्स अँड डॉक्टर्स’ या पुस्तकात राजस्थानातल्या मेहंदीपूरच्या बालाजीच्या देवळात येणाऱ्या अशा माणसांचा अभ्यास मांडला. अंगातलं भूत अनेकदा तेच बोलतं जे त्या माणसाला, विशेषतः घरातल्या सुनेला किंवा मुलीला, स्वतःच्या नावाने बोलायची सोय नसते, हा त्यांच्या मांडणीतला एक धागा. ‘गहराई’ त्याआधी दोन वर्षं हेच पडद्यावर दाखवत होता.

आता आवाज. एक प्रसंग निवडा आणि तो दोनदा पाहा: एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्याकडे पाठ करून. नुसत्या चित्राने भीती वाटत असेल तर श्रेय छायालेखक आणि नट यांचं. नुसत्या आवाजाने वाटत असेल तर संगीतकार आणि ध्वनिलेखकाचं. ‘सायको’त बर्नार्ड हरमन यांनी सगळं पार्श्वसंगीत फक्त तंतुवाद्यांवर केलं, ना पितळी वाद्यं, ना ढोल. न्हाणीघरातल्या प्रसंगाला हिचकॉकला संगीतच नको होतं. हरमननी तरीही रचून ऐकवलं आणि हिचकॉकने मत बदललं. आवाज बंद करून तो प्रसंग पाहिलात तर पटेल: चाकू अंगाला लागलेला जवळजवळ दिसतच नाही, लागल्याचं कान सांगतात.

आपल्याकडचं उदाहरण आणखी सुंदर आहे. ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ ध्वनिमुद्रित करताना लताबाईंना मायक्रोफोनपासून लांब उभं केलं आणि सुरुवातीच्या ओळी गात गात जवळ यायला लावलं. आवाज जवळ आणणारं यंत्र हाताशी नव्हतं, म्हणून गायिकाच चालत आली. खेमचंद प्रकाश यांचं संगीत. आधीच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पात्राचं. श्रोत्यांनी रेडिओला विचारणा केली तेव्हा खरं नाव पुढे आलं. बिनचेहऱ्याचा आवाज घरभर फिरतो आणि त्याचा मालक सापडत नाही, ही चित्रपटातली भीती रेकॉर्डवरही तशीच उतरली होती.

‘गहराई’त पार्श्वसंगीत कधीकधी नको इतकं पुढे येतं, हा त्या काळच्या हिंदी सिनेमाचा दोष. खरी कमाई आहे उमाच्या बोलण्यात. ‘द एक्झॉर्सिस्ट’मध्ये (१९७३) बाधित मुलीला सैतानाचा आवाज मर्सिडीज मॅककेम्ब्रिज या दुसऱ्या अभिनेत्रीने दिला होता, ऐकणाऱ्याला तो या जगातला वाटतच नाही. उमाच्या बाबतीत शब्द जास्त महत्त्वाचे ठरतात. मुलीच्या वयाच्या तोंडी बाईचं आयुष्य. पडद्याकडे पाठ करून ऐका आणि कोण बोलतंय हे विसरायचा प्रयत्न करा. एका बाईची तक्रार ऐकू येईल, पोलीस ठाण्यात कधीच न नोंदलेली.

घराचा नकाशा काढायची सवयही लावून घ्या. भयपट म्हणजे निम्मा वास्तुशास्त्राचा विषय. जिना कुठे, वरच्या खोलीत कोण, दार कुठल्या बाजूला उघडतं. ‘द शायनिंग’च्या हॉटेलचा नकाशा काढायला बसलात तर तो जमत नाही: इमारतीच्या पोटातल्या ऑफिसला चक्क बाहेरची खिडकी आहे. हे चुकून झालं की मुद्दाम, यावर लोक अजून भांडतात. पण तिथे चुकल्याचुकल्यासारखं का होतं, याचं एक कारण ते आहे. त्याच हॉटेलात लहान मुलगा तीनचाकी सायकल चालवतो तो प्रसंग कान देऊन पाहा. लाकडी फरशीवर चाकांची घरघर, गालिच्यावर एकदम शांतता, पुन्हा घरघर. कॅमेरा त्याच्या मागे, त्याच्याच उंचीवर. काहीही घडत नाही, तरी आपण खुर्चीचा हात धरतो.

‘गहराई’चा नकाशा काढायचा तर एका घराचा काढून भागत नाही. शहरातलं घर आणि गावाकडची जमीन दोन्ही हव्यात, आणि मध्ये विक्रीचा कागद. ज्या जमिनीला बसवा आई म्हणतो तिच्या किमतीवर चन्नबसप्पाचं शहरातलं घर उभं राहायचंय. भूत भिंतीतून येत नाही, सौद्यातून येतं. वाड्यात भूत, जिन्यात भूत, विहिरीत भूत हे सगळीकडे असतं. सातबारातून भूत बाहेर पडणारा हिंदी चित्रपट मला दुसरा आठवत नाही. होटगी रोडला, विजापूर रोडला शेतांचे प्लॉट होताना ज्यांनी पाहिलेत त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आजारपणाचा भाग मात्र आज जपून तोलावा लागतो. मानसिक भयपटाने मनोरुग्णांचं नुकसानही पुष्कळ केलंय. नॉर्मन बेट्सपासून सुरू झालेली ‘वेडा म्हणजे खुनी’ ही रांग अजून संपलेली नाही. ‘सायको’च्या शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ उभा राहून सगळ्याचा खुलासा करतो, एवढ्या उत्तम चित्रपटातला तो सगळ्यात कंटाळवाणा भाग. ‘गहराई’त डॉक्टर तज्ज्ञांची भाषा बोलतात, विजेचे झटके देतात, आणि उमा काय म्हणतेय हे विचारतच नाहीत. तो प्रसंग पाहताना काळ लक्षात ठेवावा. त्या वेळी भारतात भूल न देता झटके देण्याची पद्धत सर्रास होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भुलीशिवाय झटके देण्यावर बंदी आहे, आणि अल्पवयीन रुग्णाच्या बाबतीत पालकांच्या संमतीखेरीज मंडळाची पूर्वपरवानगी लागते. म्हणून या प्रसंगावरून आजच्या सिव्हिलमधल्या मानसोपचार ओपीडीबद्दल मत बनवू नये. तो प्रसंग ऐकून न घेण्याबद्दल आहे, एवढंच धरावं.

मांत्रिकाचंही तेच. अमरीश पुरींचा मांत्रिक उपचाराच्या नावाखाली त्या मुलीचाच गैरफायदा घ्यायला निघतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली केलेले असे अघोरी प्रकार गुन्हा ठरले. चित्रपट निघाला तेव्हा इथे असा कायदा नव्हता, आणि तरी मांत्रिकाकडे इतक्या संशयाने पाहणारा तो होता. पुढे दुसऱ्या मांत्रिकावर विश्वास टाकून त्याने स्वतःचीच धार बोथट केली, हे वेगळं.

याच्या शेजारी ‘देवराई’ (२००४) ठेवून पाहावा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. स्किझोफ्रेनिया झालेला शेष साकारलाय अतुल कुलकर्णींनी, सोलापुरात शिकलेल्या आणि इथल्या हौशी रंगभूमीवर उभ्या राहिलेल्या नटाने. शेषला भास होतात, तेही देवाच्या राईचे. भयपटाला लागणारा सगळा माल तिथे तयार आहे. पण कॅमेरा शेषला घाबरत नाही. त्याला काय ऐकू येतं, काय दिसतं हे आत शिरून दाखवतो आणि बहिणीचं दमून जाणंही दाखवतो. ‘देवराई’ पाहून मग ‘गहराई’कडे वळलं की एक गोष्ट लख्ख दिसते: भयपट कुणाच्या बाजूने घाबरतो, त्यावर त्याची किंमत ठरते. पीडित माणसाला घाबरणं सोपं. पीडित माणसाच्या जागी बसून घरच्यांना घाबरणं अवघड, आणि ‘गहराई’ आपल्या चांगल्या क्षणी तेच करायला लावतो.

अभिजात हा शिक्का कधी बसतो याचं गणित सरळ नसतं. ‘गहराई’च्याच साली आलेल्या ‘द शायनिंग’साठी स्टॅन्ली क्युब्रिक यांना वर्षातल्या सर्वांत वाईट दिग्दर्शकाच्या रॅझी पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं! शेली ड्यूव्हललाही वाईट अभिनेत्रीचं. तिचं नामांकन पुरस्कारवाल्यांनी २०२२ मध्ये मागे घेतलं. ज्या भेदरलेपणाला तेव्हा वाईट अभिनय म्हटलं, तो चित्रपटाचा कणा आहे हे उमगायला चाळीस वर्षं लागली. पद्मिनी कोल्हापुरेच्या बाबतीत असं फेरवाचन अजून व्हायचंय. तिचा जन्म १९६५ चा, म्हणजे या भूमिकेच्या वेळी ती जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची. त्याच वर्षीच्या ‘इन्साफ का तराजू’तल्या कामाबद्दल तिला फिल्मफेअर मिळालं, तिथेही भूमिका अत्याचाराला बळी पडणाऱ्या मुलीचीच. उमाचं काम मला त्याहून मोठं वाटतं. आणि त्याच वेळी मांत्रिकाच्या प्रसंगात एवढ्या लहान नटीला उभं करायला हवं होतं का, हा प्रश्नही गुणपत्रिकेत लिहावाच लागतो. शोषणाविरुद्ध बोलणारा चित्रपट शोषण किती दाखवतो, किती सुचवतो, याचा हिशेब वेगळ्या रकान्यात मांडा. अभिनयाच्या गुणांत तो मिसळू नका.

माझा ताळेबंद असा. पूर्वार्ध, लागू, पद्मिनी आणि जमिनीचा विषय यांना भरघोस गुण. पार्श्वसंगीताला पासापुरते. मांत्रिकांच्या मधल्या मिरवणुकीला त्याहून कमी. शेवटाबद्दल तुमचं मत माझ्याहून वेगळं होण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून तो रकाना रिकामा सोडतो.

आणि हो, पाहण्याचा क्रम. आधी ‘कौन?’ पाहा, कारण तो लहान आहे आणि साक्षीदारांची वही भरायची सवय लावतो. मग ‘महल’, तोही चांगल्या हेडफोनवर. ‘गहराई’ तिसरा, शक्यतो घरातल्या एखाद्या कानडी जाणणाऱ्या वडीलधाऱ्या बाईला सोबत बसवून. वही त्यांच्या हाती द्यायची गरज नाही, त्या तोंडीच सांगतात. ‘सायको’ आणि ‘द शायनिंग’ त्यानंतर पाहिले तरी चालतील. लहान मुलांना यातलं काहीच दाखवू नका, आणि ‘देवराई’ मात्र सगळ्यांनी पाहा, भयपट नसला तरी.